भुईकाटा आणि चाकांवरचे घर

बाजार समितीच्या आवारात माल घेऊन आलेला ट्रक प्रथम भुईकाट्यावर उभा राहतो. भरलेल्या गाडीचे वजन होते, माल उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन आकड्यांच्या वजाबाकीतून मालाचे खरे वजन निघते. तूर असो, ज्वारी असो की सरकी, या वजाबाकीवाचून कोणी पैसे मोजत नाही. आपल्यापैकी कित्येकांचे बालपण या काट्याच्या चिठ्ठ्या पाहत सरले आहे. आज ज्या वाहनाविषयी लिहावयाचे आहे, त्यात मालाऐवजी आपलीच माणसे बसलेली असतात आणि ते वाहन काट्यावर नेण्याची सक्ती मात्र सहसा कोणी करीत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून उन्हाळी सुटीचा एक बेत अधूनमधून कानी येतो. घरी पिकअप ट्रक असतो. त्यामागे एक लहानसा प्रवासी ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे एका खोलीचे घर जोडावयाचे आणि यलोस्टोन, ग्लेशियर, ग्रँड कॅन्यन अशी राष्ट्रीय उद्याने पाहत दहा-पंधरा दिवस हिंडावयाचे. भारतातून आजी-आजोबा आलेले असले तर बेताला अधिकच रंग चढतो. आपल्या घरांना याचे आकर्षण का वाटावे, हे सांगावयास नको. महामार्गावरील उपाहारगृहात कंदमूळ नसलेला पदार्थ शोधणे, तो कशात शिजवला याची चौकशी करणे आणि तोवर सूर्य मावळून जाणे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना स्वतःची शेगडी, स्वतःचे गाळलेले पाणी आणि स्वतःची भांडी बरोबर असण्याचे मोल कळते. दुपारी चारला एखाद्या तळ्याकाठी थांबावे, कुकर लावावा आणि उजेड असतानाच पाने मांडावीत, ही चैन मोठ्या हॉटेलातही मिळत नाही.

परंतु स्वयंपाकघर बरोबर न्यावयाचे म्हणजे त्याचे वजनही बरोबर न्यावयाचे. आणि या वजनाचा हिशेब विक्रेत्याच्या जाहिरातीतल्या आकड्यावर सोडून देता येत नाही.

प्रथम या घराची ओळख करून घेऊ. लहान म्हणवणारे ट्रेलर साधारणतः तेरा ते वीस फुटांचे असतात. पुढे पोलादी दांड्यांचा त्रिकोणी सांगाडा निमुळता होत येतो आणि त्याच्या टोकाशी उलट्या वाटीसारखा एक भाग असतो. पिकअपच्या मागे बसवलेल्या हिचवर एक पोलादी गोळा असतो. ही वाटी त्या गोळ्यावर बसते आणि खालून खिट्टी अडकते. एवढ्या एका सांध्यावर सगळे घर ट्रकच्या मागोमाग चालते. आत दोन बर्नरची शेगडी, लहान फ्रिज, रात्री पलंग होणारे टेबल आणि कपाटाएवढे न्हाणीघर. जमिनीखाली तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक भांडी घासलेल्या व अंघोळीच्या पाण्याची आणि एक शौचालयाची. शेवटच्या दोन टाक्या ठरावीक ठिकाणी जाऊनच रिकाम्या कराव्या लागतात. हे काम कोणालाच आवडत नाही आणि बहुधा घरातल्या जावयाच्या वाट्याला येते.

अमेरिकेत या घरांची परंपरा जुनी आहे. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये एअरस्ट्रीम कंपनी सुरू केली आणि १९३६ मध्ये तिचा ॲल्युमिनियमच्या चमकदार अंगाचा 'क्लिपर' बाजारात आला. याच बायम यांनी १९५९ मध्ये ४१ ट्रेलरांचा तांडा केपटाउनहून कैरोकडे नेला होता. आज अमेरिकेतील बहुसंख्य ट्रेलर इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात व त्याच्या आसपास तयार होतात. मला स्वतःला मात्र कॅनडातल्या विनिपेग शहराची कथा अधिक भावते. रे ओलेको नावाचा गृहस्थ तेथे फायबरग्लासच्या, मैलापाणी साठवण्याच्या टाक्या तयार करीत असे. टाकी हलकी, मजबूत आणि न गळणारी. मग याच रीतीने माणसांसाठी एक खोली का ओतू नये, असे त्याच्या मनात आले. १९६८ मध्ये वर आणि खाली अशी दोन अर्धी कवचे जोडून त्याने तेरा फुटी 'बोलर' ट्रेलर बाजारात आणला. रिकाम्या बोलरचे वजन हजार पौंडांच्याही आत होते. धंद्यातली हातची वस्तू दुसऱ्या नजरेने पाहण्याचे हे उदाहरण आपल्या पेढीवर बसणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मिनेसोटातील 'स्कॅम्प' आणि टेक्सासमधील 'कॅसिटा' हे त्याच वळणाचे ट्रेलर आजही रस्त्यांवर दिसतात. यांचे महत्त्व पुढे वजनाच्या हिशेबात कळेल.

आता जाहिरातीतल्या आकड्याकडे वळू. पिकअप विकताना 'हा ट्रक इतके हजार पौंड ओढू शकतो' असे ठळक अक्षरांत सांगितले जाते. पूर्वी हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्याच पद्धतीने ठरवीत असे. आपल्याकडे १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यापूर्वी गावोगावी शेर निराळा होता, तसाच हा प्रकार. एकाचा शेर मोठा, दुसऱ्याचा लहान. भाव विचारताना कोणाचा शेर ते आधी विचारावे लागे. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने यासाठी एक सामाईक चाचणी ठरवली. जे-२८०७ हे तिचे नाव. २०११ च्या गाड्यांपासून टोयोटाने ती प्रथम स्वीकारली आणि नंतर इतर मोठ्या कंपन्या तिच्याकडे वळल्या. या चाचणीतला सर्वांत कठीण भाग ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या घाटाचा आहे. कोलोरॅडो नदीच्या काठापासून वर चढणारा हा सुमारे साडेअकरा मैलांचा रस्ता. ऐन उन्हाळ्यातला उकाडा, गाडीतले वातानुकूलन पूर्ण चालू, मागे भरलेला ट्रेलर, आणि तरीही लहान पिकअपचा वेग ताशी चाळीस मैलांखाली येता कामा नये.

चाचणी कडक आहे, यात शंका नाही. पण तिच्या अटी वाचल्या म्हणजे व्यापाऱ्याचे कान टवकारतात. चाचणीच्या वेळी ट्रकमध्ये दोनच माणसे गृहीत धरलेली असतात, आणि तीही प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे अडुसष्ट किलोची. मागच्या सीटवर कोणी नाही. ट्रकच्या हौद्यात बर्फपेटी नाही, तंबू नाही, सायकली नाहीत. ओढण्याचा तो मोठा आकडा इंजिनाच्या ताकदीचा आहे आणि तो खोटा नाही. फक्त तो आपल्या कुटुंबाचा आकडा नाही.

आपल्या कुटुंबाचा आकडा दुसरीकडे लिहिलेला असतो. चालकाचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी दिसते. या वाहनातील माणसे आणि सामान यांचे एकूण वजन अमुक पौंडांपेक्षा कधीही जास्त असू नये, अशा अर्थाचे एक वाक्य तिच्यावर छापलेले असते. हा आकडा त्या विशिष्ट ट्रकचा असतो. एकाच नावाच्या दोन गाड्यांत तो शे-दोनशे पौंडांनी निराळा असू शकतो, कारण एकीला काचेचे छत असते, दुसरीला चारही चाकांची ओढ असते, आणि अशी प्रत्येक हौस याच आकड्यातून वजा झालेली असते. विक्रीच्या दालनात ओढण्याचा आकडा भिंतीवर असतो आणि हा आकडा दाराआड असतो. खरेदीपूर्वी दार उघडून तो वाचावा.

ट्रेलर मागून चालतो, त्याचा या आकड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो हिचवरच्या गोळ्यामुळे. ट्रेलरचे बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते; पण त्याच्या पुढच्या टोकाचा काही भार गोळ्यावर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर टेकलेला असतो. हा टोकाचा भार एकूण ट्रेलरच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. तो ट्रकमध्ये भरलेल्या सामानासारखाच मोजला जातो.

एक नमुन्याचा ताळा मांडून पाहू. मध्यम आकाराचा एक पिकअप आहे. त्याची ओढण्याची मर्यादा ६,४०० पौंड आणि दारावरच्या पट्टीचा आकडा १,१०० पौंड. ट्रेलर सामानासह ४,५०० पौंडांचा, म्हणजे ओढण्याच्या मर्यादेच्या जेमतेम सत्तर टक्के. विक्रेता म्हणेल, काही चिंता नको. ट्रेलरच्या बारा टक्के म्हणजे ५४० पौंड गोळ्यावर आले. आता माणसे: मुलगा १७०, सून १४०, नातू ८०, पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, फराळाचे डबे, कॅमेरा मिळून ३०. ही बेरीज ९६० पौंड झाली. अजून १४० शिल्लक. तिघांचे कुटुंब निर्धास्त जाऊ शकते.

आता विमानतळावरून आजी-आजोबा येतात. आजोबा १८०, आजी १५०. बेरीज १,२९० वर गेली. ट्रेलर तोच, ट्रक तोच, रस्ता तोच, आणि गाडी १९० पौंडांनी जादा भरली. हौद्यात एक बॅगही ठेवलेली नसताना! जो बेत ज्यांच्यासाठी आखला, त्यांच्या बसण्यानेच तो मर्यादेबाहेर जातो, आणि हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कारण ट्रक कुरकुरत नाही, इंजिन दमत नाही. मागची बाजू थोडी खाली बसते, पुढची किंचित उचलली जाते. पुढच्या चाकांवरचा दाब कमी झाला की सुकाणू हलके लागते, आणि नवख्या चालकाला ते हलकेपण सुखाचे वाटते. वस्तुतः रस्त्यावरची पकड सुटू लागल्याची ती खूण असते. मागच्या टायरांवर आणि स्प्रिंगांवर जे चालले आहे, ते उन्हात तापलेल्या महामार्गावर तिसऱ्या-चौथ्या तासाला कळते.

यावर दुकानात एक तोडगा सुचवला जातो: भार वाटून देणारे हिच. त्यात दोन लवचिक दांड्या असतात. त्या ताणल्या की मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर सरकतो. ते उपयोगी आहे आणि जड ट्रेलरांना आवश्यकही आहे. पण त्याने गाडी सरळ उभी राहते, दारावरचा आकडा वाढत नाही. शिवाय त्या हिचचे स्वतःचे वजन हिशेबात धरावयाचे राहतेच.

मग गोळ्यावरचा भारच कमी का करू नये? जड सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला ठेवले की पुढचे टोक हलके होईल आणि ट्रक मर्यादेत येईल. कागदावर हा हिशेब जुळतो. रस्त्यावर तो प्राणघातक ठरतो, आणि तो का, हे आपल्या खेड्यांतल्या बैलगाडीवाल्याला विचारले असते तर त्याने एका शब्दात सांगितले असते. गाडी मागे जड झाली तर ती 'उलाळ' होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, गळ्याचे पट्टे आवळतात आणि जनावर कासावीस होते. म्हणून धान्याची पोती रचताना गाडीवान थोडे वजन पुढे ठेवीत असे, पण इतकेही नव्हे की बैलांच्या माना दबाव्यात. ट्रेलरची रीत हीच आहे. फरक एवढाच की बैलगाडी उलाळली तर ती तेथेच थांबते. ट्रेलर ताशी साठ मैलांवर उलाळतो.

त्या वेगाला काय घडते ते समजून घेणे अवघड नाही. गोळ्याभोवती ट्रेलर दरवाजासारखा डावी-उजवीकडे फिरू शकतो. शेजारून मोठा मालट्रक गेला की त्याच्या हवेचा झोत ट्रेलरला बाजूला ढकलतो. पुढचे टोक पुरेसे जड असेल तर ट्रेलर दोन-तीन हेलकाव्यांत शांत होतो. मागची बाजू जड असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि ट्रेलरची शेपूट ट्रकला हलवू लागते. प्रत्येक जोडीला एक वेग असा असतो की त्याखाली हेलकावा विरतो आणि त्यावर तो वाढतो. मागे जड सामान ठेवणे म्हणजे तो वेग खाली ओढणे. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून हा प्रयोग करून दाखवतात. वजनाचा एक लहान तुकडा मागे सरकवताच ती गाडी काही क्षणांत आडवी होते. घरातल्या प्रत्येक चालकाला हा प्रयोग एकदा दाखवावा असे मला वाटते.

असा हेलकावा सुरू झाला तर पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि तेथेच घात होतो. ट्रकचा ब्रेक दाबला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि हेलकावा वाढतो. सुकाणू उलटसुलट फिरवून तो सावरू पाहणेही व्यर्थ. सुकाणू स्थिर धरावे, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि हाताजवळची कळ दाबून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत. मग ट्रेलर मागून ट्रकला ताणून सरळ करतो. ही कळ ज्या उपकरणावर असते ते ब्रेक-नियंत्रक ट्रकमध्ये बसवलेले असावे लागते. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून हलक्याला ते नसले तरी चालतात, पण असलेले बरे. गोळा आणि वाटी यांची ताटातूट झालीच तर ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून दोन साखळ्या खालून एकमेकींवर फुलीसारख्या अडकवतात, म्हणजे सुटलेले टोक त्या झोळीत पडते. याशिवाय एक बारीक तार ट्रकला बांधलेली असते. ती ओढली गेली की ट्रेलरवरच्या बॅटरीने त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ही तार साखळीलाच अडकवणारे महाभाग भेटतात. ती ट्रकच्या सांगाड्याला निराळी अडकवावयाची असते.

सामान कसे रचावे, याचे उत्तर एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल. पिठाचे डबे, कुकर, डाळ-तांदूळ असे जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत. वरच्या कपाटांत कपडे, पापड, खाकरे. मागच्या भिंतीला सायकली टांगण्याची सोय काही ट्रेलरांना असते. लहान ट्रेलरच्या बाबतीत ती सोय न वापरणेच शहाणपणाचे, कारण चाकांपासून जितके दूर, तितके ते वजन अधिक भारी पडते. पाण्याचा विचार तर वेगळाच करावा लागतो. एक अमेरिकन गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते. तीस गॅलनची टाकी भरली म्हणजे अडीचशे पौंड झाले. ती टाकी चाकांच्या पुढे असेल तर गोळ्यावरचा भार वाढतो, मागे असेल तर कमी होतो. आपल्या ट्रेलरची टाकी कोठे आहे हे बघितल्याशिवाय ती भरू नये. मुक्कामाच्या ठिकाणी बहुधा नळ असतो. प्रवासात प्यायचे आणि हात धुण्याचे पाणी पुरे. आपल्याकडे पाणी गाळून, जपून वापरण्याची सवय घराघरांत आहेच. ती येथे नकळत कामी येते.

टायरांविषयी थोडक्यात. ट्रेलरचे टायर खास जातीचे असतात, आणि कडेवर वेगळे काही लिहिलेले नसेल तर त्यांची मर्यादा परंपरेने ताशी ६५ मैल मानली जाते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना कायद्याची मर्यादाच ताशी ५५ मैलांची आहे. ट्रेलर वर्षातून दोन-तीनदाच हलतो, त्यामुळे टायरांची नक्षी नवी दिसते आणि आतले रबर मात्र वयाने कडक झालेले असते. टायरावर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. पाच-सहा वर्षे झाली की नक्षी न बघता ते बदलावेत.

आता डोंगराकडे. कोलोरॅडोत डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर पोहोचतो. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटत जाते. समुद्रसपाटीला जे इंजिन उमदे वाटले ते येथे सुमारे एक तृतीयांश शक्ती गमावून बसलेले असते. चढावर मालट्रकांच्या रांगेत, उजव्या बाजूने सावकाश जावे. त्यात कमीपणा नाही. खरी परीक्षा बोगद्यापलीकडे, सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना असते. तेथे सुमारे सात टक्क्यांचा उतार मैलोगणती चालतो आणि कडेला, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी वाळू-खडीचे चढते फाटे करून ठेवलेले आहेत. उतरणीला लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा आणि इंजिनाला गाडी रोखून धरू द्यावी. ब्रेकवर पाय सतत ठेवला तर ते तापतात आणि तळाशी पोहोचेपर्यंत निकामी होऊ शकतात. आपल्या खंडाळ्याच्या घाटातले जुने ट्रकचालक ज्या गिअरात चढावे त्याच गिअरात उतरावे असे सांगत, ते येथेही चालते.

काही रस्त्यांवर ट्रेलर नेताच येत नाही. मोंटानातील ग्लेशियर उद्यानाचा 'गोइंग-टू-द-सन' रस्ता १९३३ मध्ये खुला झाला, त्या काळच्या लहान मोटारींच्या मापाने. त्याच्या मधल्या डोंगरी भागात एकवीस फुटांहून लांब वाहनाला मनाई आहे, आणि ट्रक व ट्रेलर यांची लांबी मिळून मोजतात. ट्रेलर खाली छावणीत उभा करून ट्रकने जावे लागते. ही माहिती घरून निघण्यापूर्वी हवी. कड्यावर पोहोचल्यावर ट्रेलरसह वळून परत येणे हा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

वळणे आणि मागे घेणे यांचा सराव एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या वाहनतळावर करून घ्यावा. मागे घेताना सुकाणू उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे जातो. म्हणून हात सुकाणूच्या तळाशी ठेवतात, मग ज्या बाजूला हात सरकतो त्याच बाजूला ट्रेलर जातो. मागे उभे राहून खुणा करणाऱ्याने आरशात दिसेल असेच उभे राहावे. या खुणांवरून पतिपत्नींत जे संवाद होतात ते प्रत्येक छावणीत संध्याकाळी ऐकू येतात, आणि शेजारी ऐकून न ऐकल्यासारखे करतात. अंधारात हे काम फार कठीण होते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा ज्या घरांचा नियम आहे, त्यांना चारपर्यंत मुक्कामाला पोहोचावेच लागते, आणि अनुभवी ट्रेलरवाले नवख्यांना नेमका हाच सल्ला देतात. दिवसाला अडीचशे-तीनशे मैल पुष्कळ झाले. इंधनाचा खर्चही त्या बेताने धरावा. ट्रेलरची उभी भिंत वारा अडवते आणि एका गॅलनमध्ये मिळणारे मैल कित्येकदा निम्म्याजवळ येतात.

राहता राहिला भुईकाटा. अमेरिकेत महामार्गावरच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर 'कॅट स्केल' नावाचे सार्वजनिक काटे असतात. १९७७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आयोवातील वॉलकॉट गावची. बहुतेक राज्यांत खासगी सहलीच्या ट्रेलरला सरकारी तपासणीकाट्यावर थांबण्याची गरज नसते, त्यामुळे हजारो ट्रेलर आयुष्यात एकदाही न तोलता फिरतात. पण या खासगी काट्यावर कोणीही जाऊ शकतो आणि शुल्क कुटुंबाच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून कमी पडते. या काट्याची एक प्रथा आपल्या पेढ्यांना आवडेल. त्याच्या चिठ्ठीवर विश्वासून गेलेल्या मालट्रकला पुढे जादा वजनाचा दंड झाला, तर कंपनी आपला काटा तपासते. चूक काट्याची असेल तर दंड भरून देते, आणि काटा बरोबर असेल तर न्यायालयात साक्ष द्यायला उभी राहते.

काट्याला तीन फळ्या असतात. ट्रकची पुढची चाके पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर आणि ट्रेलरची तिसरीवर उभी करावयाची. सर्व माणसे आत बसलेली, सर्व सामान भरलेले, जसे प्रवासाला निघू तसेच. पहिली चिठ्ठी घ्यावी. मग ट्रेलर बाजूला सोडून, त्याच माणसांसह केवळ ट्रक पुन्हा काट्यावर आणावा. आपल्या नमुन्याच्या कुटुंबाच्या चिठ्ठ्या अशा येतील: ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या दोन्ही फळ्यांवर मिळून ६,१४० पौंड आणि ट्रेलरच्या फळीवर ३,९६०, एकट्या ट्रकचे ५,६००. पहिल्यातून दुसरे वजा केले की ५४० उरतात. हा गोळ्यावरचा भार. तो ट्रेलरच्या फळीत मिळवला की ट्रेलरचे पूर्ण वजन ४,५००. भार बारा टक्के, म्हणजे रचना बरोबर. पण ट्रकची एकूण मर्यादा दारावर ५,९५० लिहिलेली आहे आणि तो ६,१४० भरला. तेच १९० पौंड पुन्हा समोर येतात.

अशा वेळी मार्ग थोडे आहेत. हौद्यातले किंवा सीटवरचे सामान ट्रेलरच्या चाकांवर हलवून काही पौंड कमी होतात; पण येथे मुळातच माणसांचे वजन जास्त आहे. दारावर मोठा आकडा असलेला जड जातीचा पिकअप हा एक मार्ग, आणि तो महाग आहे. लहान फायबरग्लासचा ट्रेलर हा दुसरा. सामानासह १,८०० पौंडांचा तेरा फुटी ट्रेलर गोळ्यावर फक्त २१६ पौंड टाकतो, तेव्हा पाचही जणांसह ट्रक ९६६ वर राहतो. झोपण्यासाठी आजी-आजोबांना आतला पलंग आणि बाकीच्यांना बाहेर तंबू. तिसरा मार्ग मला सर्वांत साधा वाटतो. सून घरची दुसरी मोटार चालवते, आजी-आजोबा तिच्यात बसतात आणि ट्रेलर तोच राहतो. इंधन अधिक लागते हे खरे, पण ग्लेशियरच्या त्या अरुंद रस्त्यावर तीच मोटार सर्वांत उपयोगी पडते, आणि ट्रेलर छावणीत सोडून औषध किंवा दूध आणावयाचे झाले तर वाहन हाताशी असते.

पहिले वजन शक्य तर निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी, घराजवळच्या काट्यावर करावे. चोवीस तासांच्या आत त्याच काट्यावर पुन्हा तोलल्यास शुल्क बरेच कमी घेतात, म्हणून सामान हलवून संध्याकाळी दुसरी चिठ्ठी घेता येते. दोन्ही चिठ्ठ्या ट्रकच्या खणात ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षी पाहुणे बदलले की नव्याने तोल करावा.